केराचा आठवडा



आज सीमा नाही, लढाई नाही, नकाशे नाहीत. आज एका झाडूची गोष्ट सांगणार आहे. पण ती जर्मनीतल्या झाडूची आहे, तेव्हा थोडी दुरून सुरुवात करावी लागेल.

२०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं मुलीकडे स्टुटगार्टला गेलो होतो. नव्वद दिवसांचा व्हिसा, त्यातले पंच्याऐंशी दिवस वसूल केले. स्टुटगार्ट म्हणजे मोटारींचं शहर. आपल्याकडची पुष्कळ मुलं तिथे इंजिनिअर आहेत. मुंबईचं तर १९६८ पासून या शहराशी भगिनी-शहर म्हणून नातं आहे.

विमानतळावर उतरलो आणि नावाची पाटी वाचून माझे पाय थबकले. ‘मानफ्रेड रोमेल विमानतळ’! रोमेल हे नाव फौजी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. दुसऱ्या महायुद्धातला तो ‘वाळवंटी कोल्हा’. आपली चौथी भारतीय डिव्हिजन उत्तर आफ्रिकेत त्याच्याच फौजांशी लढली. त्याच्या लढाया आम्ही नकाशावर पिनांनी टोचून शिकलो. मी मुलीला म्हटलं, “अगं, हिटलरच्या फील्ड मार्शलचं नाव विमानतळाला?”

ती म्हणाली, “बाबा, तो नाही. त्याचा मुलगा. इथला महापौर होता. आधी बॅग उचला, मागे लोक खोळंबलेत.”

या मुलाकडे आपण पुन्हा येणार आहोत. पण आधी तिथल्या रोजच्या आयुष्यातल्या काही गमती सांगतो. कारण मी घरून निघतानाच एक ठाम मत सोबत नेलं होतं: जर्मन माणसाच्या रक्तात शिस्त असते, आपल्या रक्तात ती नाही. पस्तीस वर्षं वर्दीत काढलेल्या माणसाला हे मत फार सोयीचं असतं. हाताखालची माणसं चुकली की रक्ताला दोष देता येतो.

पहिला धक्का बसला किराणा दुकानात. सामान ठेवायची ढकलगाडी साखळीने पुढच्या गाडीला अडकवलेली. एक युरोचं नाणं घातलं की साखळी सुटते आणि गाडी जागेवर नेऊन लावली की नाणं परत मिळतं. मी पाहत उभा राहिलो. सगळे जण गाडी नेऊन रांगेत लावत होते, आमच्या परेड ग्राउंडवर शोभेल अशी. म्हटलं, वा, काय शिस्त! मग लक्षात आलं की ही शिस्त एका युरोची आहे.

गल्ल्यावरच्या बाईंचा वेग मात्र खरा. मशीनगनच्या फैरी झाडाव्यात तशा वस्तू सरकवतात. आपण पिशवीचं तोंड उघडेपर्यंत दूध, बटाटे आणि ब्रेड यांचा ढीग अंगावर आलेला असतो, आणि मागचा माणूस काही न बोलता आपल्याकडे बघत असतो. न बोलता बघणं ही एक कला आहे. त्यात ते लोक फार पुढे गेले आहेत.

बाटल्यांची गोष्टही अशीच. पाण्याची प्लॅस्टिकची बाटली किंवा पेयाचा डबा घेतला की पंचवीस सेंट अनामत द्यावी लागते. २००३ पासून हा कायदा आहे. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्राच्या तोंडात घातली की यंत्र ती गिळतं आणि पावती देतं. ती गल्ल्यावर दाखवली की पैसे परत. आपल्यालाही हे नवीन नाही. लहानपणी सोड्याची बाटली परत केल्याशिवाय दुकानदार पैसे सोडत नसे. आपण ती पद्धत विसरलो, त्यांनी तिचं यंत्र केलं.

आणि या बाटल्यांची दुसरी बाजूही सांगायला हवी. संध्याकाळी बागेत फिरताना माझ्याच वयाचा एक माणूस दिसायचा. स्वच्छ कोट, हातात छोटी विजेरी आणि मोठी पिशवी. तो कचऱ्याच्या डब्यांत वाकून बाटल्या शोधायचा. इतक्या श्रीमंत देशातही काही म्हाताऱ्यांचं पेन्शन पुरत नाही. म्हणून पुष्कळ लोक रिकामी बाटली डब्यात टाकत नाहीत, डब्याशेजारी उभी करून ठेवतात. त्या माणसाला घाणीत हात घालावा लागू नये, एवढ्यासाठी. ते पाहिल्यावर मीही तसंच करू लागलो.

आता रविवार. रविवारी तिथली दुकानं बंद असतात हे ऐकून होतो. पण रविवारची विश्रांती त्यांच्या राज्यघटनेत आहे, हे तिथे कळलं. १९१९ च्या वायमार घटनेतलं ते कलम १९४९ च्या घटनेत तसंच ठेवलं गेलं. म्हणजे राज्य बदललं, हिटलर येऊन गेला, देशाचे दोन तुकडे झाले, पण रविवार टिकला. त्या दिवशी शांतता पाळायची. खिळा ठोकायचा नाही, ड्रिल चालवायचं नाही, गवत कापायचं यंत्र लावायचं नाही.

हे सगळं मुलीने आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण खलबत्त्याबद्दल ती काही बोलली नव्हती. पहिल्या रविवारी दुपारी आमच्या सौ. लसणीची चटणी कुटायला बसल्या. दहा मिनिटांत दारावरची घंटा वाजली. खालच्या मजल्यावरच्या आजी, वय चौऱ्याऐंशी, पाठ सरळ. मुलीला त्यांनी अत्यंत आदराने विचारलं, “वर काही बांधकाम चाललंय का?”

सौ. खजील झाल्या. सोमवारी वाटीभर चटणी घेऊन खाली गेल्या. दोन दिवसांनी वाटी परत आली. ती रिकामी नव्हती, आत चेरी होत्या. चटणीचं काय झालं हे कळलं नाही, पण वाटी रिकामी परत करू नये हे त्या आजींना कोणी शिकवलं असेल, याचा आम्ही बराच वेळ विचार केला.

पुढच्या रविवारी माझी पाळी आली. काचेच्या बाटल्या टाकायला मी कोपऱ्यावरच्या डब्यांकडे गेलो. तीन डबे: पांढऱ्या काचेचा, हिरव्या काचेचा, तपकिरी काचेचा. माझ्या हातात निळी बाटली. नकाशा हरवलेल्या तुकडीसारखा मी उभा. शेजारून जाणाऱ्या एका शाळकरी मुलाने हिरव्या डब्याकडे बोट दाखवलं. निळी काच हिरव्यात जाते. मग त्याने डब्यावरच्या वेळेच्या पाटीकडे बोट दाखवलं. रविवारी काच टाकायची नाही, आवाज होतो. सगळ्या बाटल्या परत घरी आणल्या. निवृत्त कर्नलची एका दहा वर्षांच्या मुलाने केलेली ही पहिली माघार.

एव्हाना माझं रक्ताचं मत पक्कं व्हायला हवं होतं. पण ते रेल्वेने बिघडवलं. जर्मन गाडी म्हणजे घड्याळ, असं आपण ऐकलेलं असतं. तिथे सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर हा उशीर धरतच नाहीत. एवढी सवलत घेऊनही २०२३ साली लांब पल्ल्याच्या शंभरातल्या चौसष्टच गाड्या वेळेवर पोचल्या. स्टुटगार्टच्या मुख्य स्थानकाचं नवं बांधकाम २०१० साली सुरू झालं. २०१९ मध्ये तिथून गाड्या सुटायच्या होत्या. मी गेलो तेव्हा खोदकाम चालू होतं. फलाटावर उभ्या जर्मन माणसाचा चेहरा अगदी आपल्यासारखाच होता. तोही मान वर करून फलक वाचत होता आणि पुटपुटत होता. मला, खरं सांगतो, फार बरं वाटलं. आणि प्रश्नही पडला. शिस्त रक्तात असेल, तर ती रविवारी दुपारी दिसते आणि रेल्वे फलाटावर का दिसत नाही?

याचं उत्तर मला मुलीच्या जिन्यावर मिळालं.

एका सोमवारी सकाळी दार उघडलं, तर कडीला एक लाकडी पाटी अडकवलेली. मुलीने ती पाहून कपाळाला हात लावला. “अरे देवा, या आठवड्यात आपली केरवोखं!”

मला वाटलं ती मराठीत बोलतेय. केर काढायचा आहे, एवढं कळलं. ‘वोखं’ काय ते कळेना. ती म्हणाली, “बाबा, जर्मन शब्द आहे. ‘केर’ म्हणजे झाडणं आणि ‘वोखं’ म्हणजे आठवडा.” आपला केर आणि त्यांचा केर यांचं काही नातं आहे असा माझा दावा नाही. योगायोगच असेल. पण त्या परक्या मुलुखात तो शब्द ऐकून केरसुणी दिसावी इतकं घरचं वाटलं.

तर पद्धत अशी. इमारतीतल्या प्रत्येक घराकडे पाळीने एकेक आठवडा येतो. त्या आठवड्यात त्या घराने सामाईक जागा साफ करायची. ‘लहान’ केरवोखं म्हणजे आपल्या मजल्याचा जिना झाडायचा आणि पुसायचा. ‘मोठी’ म्हणजे तळघर, अंगण, बाहेरचा पदपथ, आणि हिवाळ्यात बर्फ. काम झालं की पाटी शेजारच्या दाराला अडकवायची. पाटी पुढे गेली की जबाबदारी पुढे गेली. पहाऱ्यावरचा शिपाई दुसऱ्याला चार्ज देतो, अगदी तसंच.

मुलीची त्या आठवड्यात ऑफिसची धावपळ, जावई दौऱ्यावर. मी म्हटलं, “मी करतो.”

सौ.नी विचारलं, “अहो, तुम्ही?” त्या ‘तुम्ही’मध्ये चाळीस वर्षांचा संसार होता.

कारण खरी गोष्ट अशी, मंडळी, की मी कधी झाडू हातात धरलाच नव्हता. कॅडेट असताना बूट चमकवले, पलंगाची चादर सुरकुती न पडता लावली. पण कमिशन मिळालं आणि सहायक आला. फौजेत जवान फटीग करतात, अधिकारी पाहणी करतो. घरी बाई येते. मी बॅरेकमध्ये जाऊन दाराच्या चौकटीवरून बोट फिरवायचो आणि बोटाला धूळ लागली की अख्ख्या प्लाटूनला ऐकवायचो. धूळ कशी निघते, हे मात्र मला ठाऊक नव्हतं.

शनिवारी सकाळी मी झाडू घेऊन खालच्या पायरीपासून सुरुवात केली. चार पायऱ्या वर गेलो आणि मागे पाहिलं, तर वरची धूळ खालच्या स्वच्छ पायरीवर. पुन्हा खाली आलो. पुन्हा तेच. तेवढ्यात आजींचं दार उघडलं. आमच्या नातीने त्यांना मी फौजेत कर्नल होतो हे सांगून ठेवलेलं होतं.

“वरून खाली, हेर ओबेर्स्ट,” त्या म्हणाल्या. ‘ओबेर्स्ट’ म्हणजे कर्नल. एवढं जर्मन मला समजलं.

मी वरून खाली आलो. मग पोछा मारला. तासाभराने आजी पुन्हा बाहेर आल्या. त्यांनी कठड्याच्या खालच्या कडेवरून बोट फिरवलं, ते बोट उजेडात धरून पाहिलं आणि मान डोलावली. त्या बोटाची जरब काय असते, हे पहिल्यांदा दुसऱ्या बाजूने कळलं.

त्या संध्याकाळी मी जावयाच्या पुस्तकांतून आणि शेजाऱ्यांना विचारून या केरवोखंचा इतिहास काढला. मूळ १४९२ पर्यंत जातं, म्हणजे कोलंबस निघाला ते वर्ष. त्या वेळच्या काउंट एबरहार्टच्या नगरनियमांत, प्रत्येकाने आपापली घाण दर आठवड्याला शहराबाहेर न्यावी, अशी आज्ञा होती. पुढे शतकानुशतकं नियम होत गेले. आणि १९८८ मध्ये शहराने ही साप्ताहिक झाडण्याची सक्ती सैल केली. तेव्हा महापौर होते मानफ्रेड रोमेल. आपले विमानतळवाले!

गंमत पाहा. सक्ती गेली, पण केरवोखं गेली नाही. ती भाडेकरारात राहिली, इमारतींच्या नियमांत राहिली, आणि दाराच्या कडीवरच्या त्या पाटीत राहिली.

इथे मला थांबावंसं वाटलं, ते रोमेल या नावामुळे. बापाचं आयुष्य फौजेच्या हुकमांत गेलं. १४ ऑक्टोबर १९४४ ला हिटलरच्या माणसांनी त्याला विष घ्यायला भाग पाडलं. मानफ्रेड तेव्हा पंधरा वर्षांचा होता. तो मोठा होऊन १९७४ ते १९९६ अशी बावीस वर्षं या शहराचा महापौर झाला.

शहराच्या कडेला बिर्केनकोप्फ नावाची टेकडी आहे. आजींनी खिडकीतून ती दाखवली आणि म्हणाल्या, “तो आमचा केर.” दुसऱ्या दिवशी आम्ही तिथे चढून गेलो. युद्धात बॉम्बने पडलेल्या घरांचा मलबा १९५३ ते १९५७ या काळात तिथे नेऊन टाकला, त्याने टेकडीची उंची चाळीस मीटरच्या आसपास वाढली. माथ्यावर अजून कोरीव दगड पडलेले आहेत: खिडकीची कमान, खांबाचा तुकडा, कुणाच्या तरी घराचा दर्शनी भाग. युद्ध संपलं तेव्हा आजी सहा वर्षांच्या होत्या.

मी त्या दगडांवर बसलो. फौजी माणसाने तिथे बसावंच. कारण हा मलबाही शिस्तीनेच झाला होता. वरून हुकूम आला आणि खालच्यांनी तो पाळला, न विचारता. त्या देशात शिस्तीची काही उणीव नव्हती. उणीव दुसऱ्याच कशाची तरी होती.

तेव्हा माझ्या मनात दोन गोष्टी वेगळ्या झाल्या. एक हुकमाची शिस्त. ती वरून खाली येते. फौजेला ती लागते, मी तिचा अपमान करणार नाही. पण वरचा माणूस दिसेनासा झाला की ती सुटते, आणि वरचा माणूसच चुकला तर ती सगळ्यांना घेऊन बुडते. दुसरी पाळीची शिस्त. ती शेजारच्या दारातून येते. त्या पाटीवर हुद्दा लिहिलेला नसतो. त्या इमारतीत एक प्राध्यापिका होती, एक बसचालक होता, एक नर्स होती आणि तात्पुरता एक कर्नल. पाटी सगळ्यांच्या दाराला लागायची. आज मी जिना नीट ठेवला नाही, तर पुढच्या आठवड्यात त्यावर घाम गाळणारा माणूस मला सकाळी ‘ग्र्यूस गॉट’ म्हणत भेटणार असतो. फलाटावर तसं होत नाही. तिथे उशीर नेमका कुणाच्या पाळीतला, हे कुणालाच सांगता येत नाही.

याचं मी देव्हाऱ्यात ठेवून पूजन करत नाही. स्टुटगार्टचे लोक स्वतःच केरवोखंवर भरपूर विनोद करतात. तरुण मंडळी वैतागतात, बऱ्याच इमारतींनी आता पैसे देऊन सफाई कंपनी लावली आहे. कोपरा राहिला म्हणून दारावर चिठ्ठी चिकटवणारे शेजारीही असतात. शेजाऱ्याचं बोट प्रेमळ असेलच असं नाही.

आता घरी येऊ. मी राहतो महूला, इंदूरजवळ. इंदूर म्हणजे २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात वर्षानुवर्षं पहिलं आलेलं शहर. ओला-सुका कचरा वेगळा करणं इंदूरकर काही वर्षांत शिकले, त्यांचं रक्त बदललं नव्हतं. माझं रक्ताचं मत तिथेच मोडायला हवं होतं. त्यासाठी जर्मनीला जायची गरज नव्हती. पण एक गोष्ट इंदुरातही तशीच आहे. केर वेगळा आम्ही करतो, झाडतात मात्र तीच माणसं, तेच मोहल्ले, तीच घराणी. आमच्याकडे केराला पाळी नाही, केराला जात आहे. याच महूत, फौजेतल्या एका सुभेदाराच्या घरी, १८९१ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला. त्यांच्या स्मारकावरून मी वर्षानुवर्षं सकाळी फिरायला जातो. जिना कोण झाडतं, हा प्रश्न मात्र मला हजारो किलोमीटर लांब जाऊन पडला.

आमच्या इमारतीत आठ घरं आहेत. परत आल्यावर बैठकीत मी केरवोखं सुचवली. एका वकीलसाहेबांनी बिनतोड मुद्दा काढला: “कर्नलसाहेब, जिना झाडणाऱ्या बाईंचा रोजगार जाईल त्याचं काय?” मुद्दा बरोबर होता. मी विचारलं, “त्यांना सुट्टी कधी असते?” कुणालाच सांगता येईना, कारण त्यांना सुट्टीच नव्हती. आठवड्याचे सातही दिवस त्या येत होत्या आणि आम्ही आठ घरं सातही दिवस त्यांच्यासमोरून बूट घालून जिना उतरत होतो.

मग असं ठरलं: पगार तोच, रविवारी त्यांना सुट्टी, आणि रविवारचा जिना पाळीने घरांचा. मी सुताराकडून एक पाटी करून घेतली. खरं सांगायचं तर आठपैकी तीन घरं स्वतः झाडतात. दोघं आपल्या घरच्या मोलकरणीला पाठवतात. उरलेल्या तीन दारांवरून पाटी आपोआप पुढे सरकते, कशी ते कुणाला दिसत नाही. पण बाई रविवारी येत नाहीत. एवढं मात्र टिकलं आहे.

माझी पाळी झाली त्या पहिल्या सोमवारी बाई आल्या, जिन्याकडे पाहिलं, वळणावरच्या कोपऱ्यात वाकल्या आणि म्हणाल्या, “साहब, कोना रह गया।”

कोपरा खरंच राहिला होता. पुढच्या पाळीला मी तो आधी झाडला. वरून खाली.